दोन खरबुजांचे मेंदू

संशोधन संस्थेच्या तळघरात, जिन्याखाली, एक लांबट खोली होती. दारावर पाटी नव्हती. पण कुणालाही विचारलं की तो हात करून सांगायचा, "साचेमावशी ना? सरळ जा. पांढरी पावलं दिसतील, त्यांच्या मागनं जा." प्लास्टरची ती पावलं मावशींचीच. सफाईवाला ती रोज पुसायचा आणि मावशी रोज नवी उमटवायच्या. तेवीस वर्षं दोघांचं हे चाललं होतं आणि माघार घ्यायला कुणीच तयार नव्हतं.

आत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर मेंदू. प्लास्टरचे, एकूण दीडशे. लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाचा मेंदू काही टिकत नाही, कुजून जातो. कवटी मात्र टिकते. जिवंतपणी मेंदू कवटीला आतून इतका खेटून असतो की त्याच्या वळ्यांचे आणि शिरांचे ठसे हाडावर उमटून राहतात. अशा कवटीत पातळ रबर ओतायचं, ते धरलं की तळाच्या मोठ्या भोकातून पायमोजा ओढावा तसं बाहेर काढायचं आणि त्याच्यावरून प्लास्टरचा मेंदू ओतायचा. खऱ्या कवट्या जगात मोजक्याच आणि कुठल्या कुठल्या तिजोऱ्यांत. इथे यायच्या त्या त्यांच्या हुबेहूब नकला. त्यांच्या पोटातला मेंदू बाहेर काढणं हे मावशींचं काम.

हे काम त्या कुठल्या कॉलेजात शिकल्या नव्हत्या. लग्नाआधी आणि नंतरही त्या दाताच्या डॉक्टरांकडे कवळ्या बनवायच्या. मेण, साचा, प्लास्टर, सगळं तेच. फरक एवढाच, असं त्या म्हणायच्या, की कवळीवाला परत येऊन भांडतो, कवटीवाला येत नाही. संस्थेतल्या साच्यांच्या मास्तरांना हाताखाली कुणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी मावशींना बोलावून घेतलं. सत्तर मेंदू मास्तरांनी केले, मग ते निवृत्त झाले. पुढचे ऐंशी मावशींनी.

एवढा सगळा मेंदूंचा संसार सांभाळून मावशींच्या स्वतःच्या डोक्यात मात्र एकाच गोष्टीला जागा होती. काळजी. काळजी करायला त्यांना कारण लागत नसे. उलट एखादं खरंखुरं कारण सापडलं तर त्यांना जरा हायसंच वाटे. आणि गेली दोन वर्षं ते कारण त्यांच्याच डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर बसत होतं. त्यांची एकुलती एक लेक, बिट्टी, याच संस्थेत संशोधक म्हणून लागली होती.

"सगळ्यांसमोर मला बिट्टी म्हणायचं नाही," लेकीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आणि डबा घेऊन वर यायचं नाही."

"बरं बाई. मग जेवलीस का, हे तरी विचारू ना?"

"नाही."

मावशींनी ते पाळलं, म्हणजे डबा लिफ्टवाल्याच्या हाती पाठवायला सुरुवात केली.

बिट्टीचं काम असं. तिने दीडशेही मेंदू स्कॅनरच्या फिरत्या चकतीवर ठेवून त्यांची चारही बाजूंनी चित्रं घेतली आणि ती एका एआयला शिकवली. जवळजवळ निम्मे फार जुन्या काळातल्या माणसांचे, बाकीचे त्यामानाने अलीकडच्या. एआयने नुसतं बघून सांगायचं, कोणता कुठला. दोन वर्षं ती त्याच्यामागे लागली होती. आधी तो काहीच्या बाही सांगायचा. मग हळूहळू सुधारला. आणि एका मंगळवारी दुपारी बिट्टी स्वतःच्या पायांनी तळघरात उतरली, तेव्हाच मावशींनी ओळखलं की काहीतरी झालंय.

"काय झालं? ताप आहे का? बघू."

"आई, हात काढ. प्लास्टर लागतंय. शहाण्णव टक्के!"

"कसले?"

"दीडशेपैकी एकशे चव्वेचाळीस बरोबर ओळखले. मी अजून कुणालाच दाखवलं नाहीये, प्रमुखबाईंनासुद्धा तोंडीच सांगितलंय. शुक्रवारी बाहेरचे पाहुणे येणार, त्यांच्यापुढे मांडायचंय. म्हटलं आधी तुला दाखवावं."

आधी तुला! मावशींना भरून आलं. त्यांनी स्टूल पुसून दिलं, स्वतः उभ्या राहिल्या. बिट्टीने मांडीवर लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक मेंदू गोल गोल फिरत होता आणि त्याच्या मागच्या बाजूला, डावीकडे खाली, लालभडक ठिपका होता.

"एआय कुठे बघून ठरवतो, ते हा लाल रंग दाखवतो. बघ, नव्या माणसांच्या मेंदूला इथे एक छोटासा उंचवटा आहे. जुन्यांना नाही. एवढुसा आहे, म्हणून आजवर कुणाच्या लक्षातच आला नाही. पण याला दिसला! कदाचित हाताच्या कामाशी संबंध असेल. कदाचित बोलण्याशी. विचार कर आई, माणूस माणूस झाला तेव्हा इथे काहीतरी वाढलं!"

मावशी विचार करत नव्हत्या, बघत होत्या. उंचवटा लांबट होता. एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला निमुळता, जरासा उजवीकडे कललेला. त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला.

"आणि ते सहा? जे चुकले ते?"

"हट्टी आहेत. काही केल्या ऐकत नाहीत." बिट्टीने यादी दाखवली. चार जुन्या काळातले मेंदू एआय नवे म्हणत होता, दोन नवे मेंदू जुने म्हणत होता.

मावशींनी सहाही आकडे वाचले. त्यांना यादीची गरज नव्हती. गावातल्या जुन्या शेजाऱ्यांची आठवण असावी तसा प्रत्येक मेंदू त्यांना पाठ होता.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "खूपच छान. तू जेवलीस का?"

लेक उड्या मारत वर गेली. मावशींनी दार लावलं, फळीवरून स्वतःच्या हातचा एक मेंदू काढला आणि उजव्या हाताचा अंगठा त्या उंचवट्याशेजारी धरला. लहानपणी दारात चेंगरून वाकडा झालेला अंगठा. तोच बाक, तीच रुंदी. म्यानाशेजारी तलवार धरावी, इतकं जुळलं.

झालं होतं ते असं. कवटीच्या तळाशी, मोठ्या भोकाच्या दोन्ही बाजूंना शिरांसाठीची छोटी भोकं असतात. ती आधी मेणाने बुजवावी लागतात, नाहीतर रबर गळतं. मास्तर ती पत्र्याच्या एका वाकड्या काडीने बुजवायचे आणि जाताना ती काडी घेऊन गेले. मावशींना काडी नको होतीच. कवळीचं मेण त्या अंगठ्याने दाबत आल्या होत्या. उजवीकडचं भोक बघून गुळगुळीत करता यायचं. डावीकडे मात्र कवटी कुशीत धरून, अंगठा आत घालून, न बघता मेण दाबावं लागे. मेणात अंगठ्याचा खड्डा पडायचा. आणि साच्यात खड्डा म्हणजे ओतीव मेंदूवर टेंगूळ.

संस्थेने आधी जुन्या कवट्या मागवल्या होत्या, नव्या नंतर. म्हणून जुने मेंदू मास्तरांचे आणि नवे मावशींचे. उलट होते फक्त सहा. उशिरा आलेल्या चार जुन्या कवट्या मावशींनी केल्या होत्या आणि लवकर आलेल्या दोन नव्या मास्तरांनी. तेच सहा हट्टी.

माणूस माणूस झाला तेव्हा वाढलं होतं ते बिट्टीच्या आईच्या अंगठ्याचं टोक.

संध्याकाळी घरी मावशींनी वरणात मीठ दोनदा घातलं. नवरा चष्म्याच्या दुकानातून येऊन जेवायला बसला होता. पहिल्याच घासाला त्याने पाण्याचा पेला रिकामा केला.

"बिट्टीला काही झालंय की तुला?"

मावशींनी सगळं सांगितलं. बिट्टी संस्थेजवळच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची, त्यामुळे मोकळेपणाने सांगता आलं. नवऱ्याने ऐकता ऐकता बायकोचा हात उचलला, अंगठा दिव्याखाली धरून चष्म्याच्या काचेसारखा वळवून वळवून बघितला आणि खो खो हसत सुटला.

"अगं, लग्नात हाच हात धरला होता मी! मानवजातीची प्रगती आहे म्हणून कुणी सांगितलं नाही मला!"

"हसा. पोरीची दोन वर्षं गेली आणि तुम्ही हसा. शुक्रवारी एवढे पाहुणे येणार. मी म्हणते, शुक्रवार होऊन जाऊ दे, मग शांतपणे सांगू."

"शुक्रवारी ती चारचौघांत सांगून बसेल. मग कुणीतरी दुसरा येऊन ओळखेल. तेव्हा कुणाकडे बघेल ती?"

या प्रश्नाचं उत्तर मावशींना ठाऊक होतं, म्हणूनच जेवण जात नव्हतं. सांगावं तर लेकीचा आनंद आपल्याच हाताने, त्याच अंगठ्याने, दाबून टाकायचा. न सांगावं तर तिला भर सभेत उघडी पडू द्यायची. आणि या दोहोंच्या पलीकडे आणखी एक भीती होती, जी त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नाही: यानंतर लेक पुन्हा कधी तळघरात यायचीच नाही.

बुधवारी सकाळी मावशी स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेल्या. हातात डबा नाही, हे बघूनच बिट्टी दचकली.

मावशींनी रात्रभर घोकलेलं सगळं विसरून सरळ तिच्यापुढे अंगठा धरला. "हे बघ. तुझा उंचवटा."

सांगून होईपर्यंत बिट्टीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"आई, काहीही काय! तुला प्रत्येक गोष्टीत आपलीच चूक दिसते. मी शाळेत पडले तरी तू म्हणायचीस, बूट मीच घेतले होते."

"बूट मोठेच होते ते."

"हा विषय नाहीये! दीडशे मेंदू बघितलेत त्याने. लाखो चित्रं. त्याला तुझा अंगठा कशाला दिसेल?"

"त्याला काय ठाऊक काय बघायचंय ते? तू म्हणालीस दोन ढीग कर, त्याने सोपं ते धरलं. लहानपणी तू नाही का, आंबट बोर कोणतं आणि गोड कोणतं हे खाऊन बघायच्या आधी बाजारातल्या टोपलीच्या रंगावरून सांगायचीस?"

मावशींनी हलक्या आवाजात ते सहा आकडे म्हणून दाखवले. कोणता कुणी केला, कोणत्या साली, कोणत्या कवटीला रबर फाटलं होतं, सगळं. सहावा आकडा झाला तेव्हा बिट्टी खुर्चीत मटकन बसली. खिडकीबाहेर बघत राहिली. मावशींना वाटलं, रडतेय. पण ती बोलली तेव्हा आवाज कोरडा होता.

"सहा म्हणजे योगायोगही असेल. असं नुसतं म्हणून चालणार नाही. सिद्ध करावं लागेल. असा एक मेंदू हवा, जो माणसाचा नाहीच. कशाचाच नाही. दोन हवेत. एकात तुझा अंगठा, एकात काडी. बाकी सगळं सारखं. आकार लहानमोठा चालेल, प्रोग्राम तो सारखा करून घेतो."

"खरबूज चालेल?" मावशींनी विचारलं.

बुधवारी संध्याकाळी घरातलं जेवणाचं टेबल बघण्यासारखं झालं होतं. दोन सारखी खरबुजं. मावशींनी दोन्हींच्या तळाला मोठं भोक पाडलं, शेजारी दोन छोटी, आणि आतला गर लांब चमच्याने खरवडून फडक्याने आतून कोरडं केलं. नवरा गर संपवायच्या कामाला लागला. बिट्टी वहीत सगळं लिहून घेत होती आणि आई कुठे चुकते यावर घारीसारखी नजर ठेवून होती.

"पुरे हं बाबा. तुमची शुगर."

"विज्ञानासाठी खातोय."

एका खरबुजात मावशींनी डावीकडचं भोक अंगठ्याने बुजवलं. दुसऱ्यात नवऱ्याने चष्म्याच्या दांडीची तार वाकवून दिली होती, तिने. मग रबर, मग प्लास्टर. तयार झाले दोन पांढरे, गुळगुळीत, कुठल्याही विद्वत्तेचा मागमूस नसलेले मेंदू.

"आता मला कोणता कुठला ते सांगू नका," बिट्टी म्हणाली. "मी तिकडे तोंड करून बसते."

"मीही तुझ्या आईला सांगणार नाही," असं म्हणत बाबांनी दोन्ही मेंदू उचलून आतल्या खोलीत नेले, अदलाबदल करून खाली एक आणि दोन असे आकडे टाकले आणि उत्तराची चिठ्ठी खिशात घातली. "गिऱ्हाइकाला मी भिंतीवरची अक्षरं आधी वाचून दाखवतो का?"

गुरुवारी सकाळी स्कॅनरच्या खोलीत तिघं उभी होती. बाबांनी दुकान उघडायला उशीर केला होता, जे त्यांनी लेकीच्या बारशालाही केलं नव्हतं. चकती फिरली. प्रकाशाच्या रेघा खरबुजावरून सरकल्या. पहिला मेंदू. एआयने पाच सेकंद विचार केला आणि पडद्यावर उत्तर आलं: जुन्या काळातला माणूस, एक्क्याण्णव टक्के.

"आमच्या फळवाल्याला सांगायला हवं," बाबा पुटपुटले.

दुसरा मेंदू. उत्तर: नव्या काळातला माणूस, सत्त्याण्णव टक्के. डावीकडे मागे, ठळक लाल ठिपका.

बाबांनी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. एक, तार. दोन, अंगठा.

मावशी लेकीच्या पाठीकडे बघत होत्या. पाठ हलू लागली. आता हिला जवळ घ्यावं की नको, घेतलं तर कुणी बघेल, हिला आवडणार नाही, असे हजार विचार एका क्षणात येऊन गेले आणि मग बिट्टी वळली. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसत होती, पोट धरून.

"सत्त्याण्णव टक्के!" तिला बोलता येईना. "माणसांबद्दलसुद्धा तो एवढ्या खात्रीने सांगत नाही गं आई! खरबूज आपल्या सगळ्यांहून पुढे गेलंय!"

मग ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ तशीच राहिली, आणि ते हसणं नव्हतं. प्लास्टर लागतंय, असं मात्र म्हणाली नाही.

दुपारी दोघी प्रमुखबाईंसमोर उभ्या राहिल्या. प्रमुखबाई हसत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी खरबुजाचा मेंदू हातात घेतला, वळवून बघितला, मावशींचा अंगठा मागून घेतला आणि त्याच्यावर लावून बघितला.

"मावशी, हे तुम्हाला मंगळवारी कळलं. सांगितलंत बुधवारी."

"धीर झाला नाही बाई. लेक आहे माझी."

"पुढच्या वेळी मंगळवारीच सांगा." मग बिट्टीकडे वळून, "शुक्रवार रद्द करायचा?"

बिट्टीने आईकडे बघितलं. मावशींना वाटत होतं, हो म्हण, घरी चल, झोप काढ. पण त्यांनी ओठ घट्ट मिटून ठेवले.

"नको," बिट्टी म्हणाली. "मी हेच मांडते. आणि तो कोपरा सगळ्या चित्रांत झाकून एआयला पहिल्यापासून शिकवते. बघू अंगठा काढून घेतल्यावर काय उरतं ते."

"काहीच उरलं नाही तर?"

"तर काहीच उरलं नाही, असं सांगेन."

ते शिकवणं शुक्रवार सकाळपर्यंत चाललं. सभेला एक तास उरला असताना बिट्टीच्या हाती आकडा आला आणि तिने तो कुणालाच सांगितला नाही.

सभागृहात मावशी शेवटच्या रांगेत बसल्या. नवी साडी, नखांत मात्र पांढरं प्लास्टर. शेजारी बाबा. पुढे पाहुणे, त्यांच्यापुढे बिट्टी, आणि बिट्टीपुढे टेबलावर दोन खरबुजांचे मेंदू. ती बोलायला लागली तशी मावशींनी पदराचं टोक पिळायला सुरुवात केली. शहाण्णव टक्क्यांपाशी पाहुण्यांनी माना डोलावल्या. उंचवट्यापाशी पेनं बाहेर आली. सहा हट्टी मेंदूंपाशी एक पाहुणा पुढे सरकून बसला. आणि मग बिट्टीने शांतपणे सांगितलं की तो उंचवटा तिच्या आईचा अंगठा आहे, आणि पडद्यावर ते सत्त्याण्णव टक्के माणूस असलेलं खरबूज फिरू लागलं.

सभागृह असं हसलं की बाहेरून सफाईवाला डोकावून गेला. प्रमुखबाईंच्या ओठाचा एक कोपराही हलल्यासारखा वाटला, पण त्याबद्दल नंतर संस्थेत दोन तट पडले.

मघाचा पाहुणा हात वर करून उभा राहिला. केस पिकलेला, जाड चष्म्याचा माणूस. "आमच्याकडे असे तीनशे मेंदू आहेत," तो म्हणाला, "आणि ते कुणाच्या हातचे आहेत, हे आम्ही कधीच लिहून ठेवलं नाही. मला आता घरी जाऊन झोप लागणार नाही. पण मला एक सांगा. तो कोपरा झाकल्यावर तुमचा एआय काय म्हणतो?"

"एकसष्ट टक्के," बिट्टी म्हणाली. "नाणं उडवून सांगितलं तर पन्नास येतात. म्हणजे अंगठा वजा जाता अजून काहीतरी आहे. ते काय, ते मला ठाऊक नाही. कदाचित तेही कुणाचं तरी बोट असेल. ते शोधायचंय."

"एकसष्ट!" मागून आवाज आला. "अगं, म्हणजे फर्स्ट क्लास!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मावशी उभ्या होत्या. कधी उठल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. बाबा पदर ओढून त्यांना खाली बसवायला बघत होते.

बिट्टीने कपाळावर हात मारला. आता ही "आई, खाली बस" म्हणणार, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. लाजेने त्यांचे कान तापले.

"या साचेमावशी," बिट्टी म्हणाली. "माझी आई. कोणत्या मेंदूत कुणाचा हात कुठे लागलाय, हे या दीडशेंपैकी प्रत्येकाबद्दल फक्त तिला ठाऊक आहे. पुढचं काम तिच्याशिवाय होणार नाही. आई, तू पुढे ये. यांना सगळं पहिल्यापासून सांग."

"मी? अगं, मला कुठे बोलता येतं."

"घरी तर थांबत नाहीस!"

पुन्हा हशा. मावशी पुढे गेल्या. वाटेत तीन जणांनी उठून जागा दिली. जाड चष्म्याच्या पाहुण्याने वही काढून नवीन पान उघडलं. मावशींनी टेबलावरचा मेंदू उचलून कुशीत घेतला, त्याला जरा नीट धरलं आणि घसा खाकरला.

"त्याचं काय आहे," त्या म्हणाल्या, "कवळीचं मेण जेव्हा दाबतात ना..."

जेवणाची वेळ उलटून पाऊण तास झाला, तरी कुणी उठलं नाही.